घरच्या मिठाचा समुद्र

नाथाकडे कोणी खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला आलं, की तो आधी चहा ठेवायचा आणि मग आपल्याकडे आजवर काय काय मेलं ते सांगायला बसायचा. पहिला पट्टेवाला मासा कसा मेला, जोकर माशांची जोडी एका आठवड्यात कशी गेली, कल्याणहून हौसेने आणलेलं समुद्रफूल रोज थोडं थोडं कसं आकसत गेलं आणि शेवटी त्याचा किती वास सुटला. ऐकणाऱ्याचं लक्ष भिंतीलगतच्या टाकीकडे असायचं. तिथे निळे मासे इकडून तिकडे मजेत फिरत असायचे आणि घरमालक मेलेल्यांची नावं घेत बसलेला असायचा.

"अहो, पण हे तर जिवंत आहेत की," असं एकदा एकाने म्हटलंच.

"हे शेवटी आले," नाथा म्हणाला. "आधीच्यांनी मला शिकवलं, त्याचा फायदा यांना झाला. तुमच्याकडे जे पहिले येतील ते आधीचेच असणार."

नाथा कोपरीत राहायचा, मीठबंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. जात कोळ्याची, पण होडीवर तो कधी गेला नाही. मोहन्याच्या रेयॉन फॅक्टरीत तो पंपांवर फिटर होता आणि तिथूनच रिटायर झाला. एक्याण्णव-ब्याण्णवचा काळ. तेव्हा ठाण्यात खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवणारे बोटावर मोजण्याइतकेच होते. कल्याणला काळुराम नावाच्या माणसाचं रंगीत माशांचं दुकान होतं. त्याने समुद्रातले मासे विकायला ठेवले, पण ते कसे जगवायचे हे त्याचं त्यालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, रविवारी सकाळी कोपरीला जा, नाथाभाऊंना भेटा, मग ठरवा. पुढे त्याची कुरकुर सुरू झाली, की मी पाठवतो त्यातले निम्म्याहून जास्त तुम्ही परत फिरवता. नाथा म्हणायचा, जे उरतात त्यांच्याकडे मासे टिकतात ना, मग झालं. काळुराम कुरकुर करायचा आणि पुढच्या रविवारी परत माणसं पाठवायचा.

टाकी सुरू झाली ती नाथाच्या बायकोमुळे, सरस्वतीमुळे. ती कोपरीच्या बाजारात मासळी विकायची. एकदा अर्नाळ्याला नाथाच्या चुलतभावाकडे, दामाजीकडे, हळदीला गेलेले असताना ओहोटीला खडकातल्या खळग्यात एक बोटभर मासा अडकलेला तिला दिसला. अंगावर काळे पट्टे, पाठ पिवळी. तो तिने पाण्यासकट डब्यात घातला आणि घरी आणला. दिवसभर कोयत्यावर मासे कापणारी बाई, घरी आल्यावर त्या एका माशासमोर मांडी घालून बसायला लागली. तो आठवडाभरात मेला. तेव्हा तिने नाथाला ऐकवलं, "तुम्ही अख्ख्या फॅक्टरीला पाणी पुरवता, एका माशाला पुरवता येत नाही?" नाथाला ते लागलं. त्याने काच आणली, टाकी जोडली, पंप बसवला, आणि मग ती सगळी मरणं एकेक करत त्या घरात झाली.

त्यातून जे कळलं ते तो येणाऱ्याला सांगायचा. पाणी ठाण्याच्या खाडीचं चालत नाही. त्यात गोडं पाणी मिसळतं आणि कारखान्यांचं काय काय मिसळतं ते देव जाणे. पाणी बाहेरच्या समुद्रातलं हवं, तेही उधाणाचं नको. पुनवेला, अवसेला पाणी वर रस्त्यापर्यंत येतं म्हणून लोकांना सोपं वाटतं, पण ते सगळं तळ ढवळून आलेलं असतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा समुद्र फार हलत नाही, पाणी निवळ असतं. दामाजीची होडी लांब गेली की तो तिथे कॅन भरायचा आणि अर्नाळ्याहून ठाण्याच्या मार्केटात येणाऱ्या मासळीच्या टेम्पोत टाकायचा. मग महिनाभर टाकीत फक्त पाणी, रेती आणि दगड ठेवायचे, मासा सोडायचा नाही. हे कोणालाच आवडायचं नाही. रिकाम्या टाकीला पाहुणे हसतात, म्हणायचे. हसू देत, नाथा म्हणायचा. टाकीतलं पाणी उडून कमी झालं तर ते गोड्या पाण्याने भरायचं, खाऱ्याने नाही, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. तांब्या-पितळेचं भांडं जवळसुद्धा न्यायचं नाही. खायला चिमूटभर, आणि ती चिमूटही लहान मुलाची. सुरुवातीला दोनच मासे. दोनावर थांबता येत नसेल तर एकही घेऊ नका.

सरस्वतीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. काविळीचं निमित्त झालं आणि पावसाळ्यात ती गेली. मुलगी लग्न होऊन पालघरला. बाजारात सरस्वतीच्या जागेवर महिनाभर कोणी बसलं नाही, बायकांनी टोपल्या तिथे सरकवल्या नाहीत. मग केशरबाई बसायला लागली. नाथा मासळी तिच्याकडूनच घ्यायचा, आणि टाकीसाठी मूठभर करंदी ती न मागता पानात बांधून द्यायची. दिवस जायचे. रविवारी माणसं यायची, ते त्याला बरं वाटायचं. बाकीचे दिवस तो पंप उघडायचा, साफ करायचा, परत बसवायचा. पंप काही रोज बिघडत नव्हता.

एका गोष्टीची मात्र त्याला चुटपुट होती. सरस्वतीचा धाकटा भाऊ गुणाजी तिच्या बाराव्यानंतर घरी आलाच नव्हता.

सरस्वतीच्या माहेरची माणसं कोळीच, पण जाळं त्यांनी कधीच सोडलेलं. तीन पिढ्या भांडुपकडच्या मिठागरावर. बाप मुकादम होता, त्याच्यामागे गुणाजी मुकादम झाला. मिठाच्या राशी पडल्या की एक पोतं बहिणीच्या घरी पोचवायचं, ही त्यांच्याकडची रीत. पोतं खांद्यावरून उतरवताना गुणाजी दरवर्षी तेच म्हणायचा, की घ्या, वर्षभर आमचं मीठ खा आणि आमच्या ताईशी नीट वागा. नाथाही दरवर्षी म्हणायचा, की नीट वागतो म्हणून तर पोत्यावर भागतं, नाहीतर गोदामच लागलं असतं.

हा गुणाजी मनाने चांगला, पण रुसायला एक नंबर. नात्यातल्या एका बारशाला त्याने नेलेलं मीठ बाजूला राहिलं आणि पंगतीत पुडीतलं मीठ वाढलं गेलं. तेवढ्यावर तो पानावरून उठला आणि त्या घराची पायरी परत चढला नाही. त्यामुळे तो येईनासा झाला तेव्हा नाथा धरून चालला, की आपल्याच हातून बाराव्याच्या गडबडीत काहीतरी चुकलं असणार. काय चुकलं ते आठवून आठवून सापडेना. गुणाजी आता डोंबिवलीला राहायचा. ठाण्याहून डोंबिवली ती काय. पण विचारायला जावं आणि तोंडावर दार लावलं तर, म्हणून नाथा गेला नाही. सरस्वतीच्या माहेरचं म्हणावं असं ते एकच माणूस उरलं होतं.

तो गुणाजी एका शनिवारी संध्याकाळी दारात उभा राहिला. खांद्यावर मिठाचं पोतं.

नाथाने आधी त्याला आत घेतलं आणि मग, पाणी देतो म्हणून आत जाऊन, ओट्यावरची दुकानातल्या मिठाची पुडी डब्यामागे ढकलली. गुणाजीने पोतं जुन्या जागी ठेवलं, घाम पुसला, टाकीसमोर बसला. मग म्हणाला, "भावोजी, मी पण टाकी केली."

नाथाला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. केवढी टाकी, कुठे ठेवली, पंप कुठला, सगळं त्याने विचारलं. गुणाजी सांगत गेला. काळुरामच्या दुकानातून तीन निळे मासे आणलेले, अगदी तुमच्यासारखेच. एक गेला. दुसरे दोघे जरा सुस्त आहेत, तळाशी बसून असतात. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं.

"पाणी कुठलं आणलंस?"

गुणाजी या प्रश्नाची वाटच बघत होता. "आणायला कशाला पाहिजे? आपण काय बाहेरचे आहोत? घरचं मीठ, नळाचं पाणी. तीन वेळा गाळलंय. जिभेवर ठेवा आणि सांगा, दर्या आहे की नाही."

नाथाला तिथेच कळलं. कारण ही युक्ती सुरुवातीला त्यालाही सुचली होती. घरात पोतंभर मीठ असताना अर्नाळ्याहून पाणी का वाहायचं, असं तो म्हणालेला. तेव्हा सरस्वतीने सांगितलं होतं, "आमचं मीठ खायला आहे, राहायला नाही. मीठ बसल्यावर वर जे कडू पाणी उरतं ना, ते आम्ही सोडून देतो. समुद्र त्याच्यात जातो." त्या कडू पाण्यात काय असतं ते तिला सांगता आलं नसतं आणि नाथालाही आलं नसतं. पण तिने लहानपणापासून मिठागराच्या वाफ्यांवर पाहिलेलं होतं, की त्या पाण्यात पडलेला निवटा, तो चिखलातला मासा, मरतो आणि नुसत्या मिठाच्या पाण्यातलाही मरतो. तो जगतो फक्त भरतीच्या पाण्यात.

हे सगळं नाथाच्या तोंडाशी आलं. दुसरा कोणी असता तर चहा निवायच्या आत सांगून मोकळा झाला असता, की पाणी फेका. पण समोर गुणाजी होता. त्याच्या मिठाने मासे मरतात असं त्याला सांगायचं, म्हणजे बारशाच्या पुडीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट. आणि तो आत्ता, दोन वर्षांनी, या घरात बसला होता.

"नवीन पाणी आहे," नाथा म्हणाला. "बसायला वेळ लागतो."

हे खोटं नव्हतं, नवीन पाण्याला वेळ लागतोच. पण जे सांगायला हवं होतं ते त्याने सांगितलं नाही.

गुणाजीला एकदम हलकं वाटलं. तो जेवायला थांबला. नाथाने बोंबलाचं कालवण केलं, त्यात मीठ नव्या पोत्यातलं घातलं, आणि गुणाजीने पहिल्या घासाला मान हलवली. मग लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. ताईने त्याला वाफ्यात ढकललं होतं ती, आणि त्याने बापाला चुगली केल्यावर परत ढकललं ती. त्या घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. निघताना गुणाजी म्हणाला, पुढच्या शनिवारी येतो. नाथा त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी महिपत आला. हा त्याच्याबरोबर मोहन्याच्या फॅक्टरीत होता, आता तिथेच शिवणाचं दुकान टाकून बसला होता. दुकानात गिऱ्हाइकांना बघायला टाकी ठेवावी असं त्याच्या डोक्यात आलेलं. नाथाने चहा ठेवला आणि मेलेल्यांपासून सुरुवात केली. महिपतने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की वीज गेली तर काय? मोहन्याला वीज जाते. नाथा म्हणाला, पंप बंद झाला की मग्ग्याने पाणी वर काढायचं आणि वरून सोडायचं, वीज येईपर्यंत. महिपत म्हणाला, आणि कपडे कोण शिवणार? नाथा म्हणाला, तेच म्हणतोय मी. तुला रंगच बघायचे आहेत तर गोड्या पाण्यातले गप्पी ठेव. ते तुझ्यासारखे आहेत, कशातही राहतात.

महिपत हसत उठला. "काय माणूस आहेस तू. लोक मासे घ्यायला येतात आणि न घ्यायचं ठरवून खूश होऊन जातात. पण एक आहे नाथा, तू सांगितलंस म्हणजे माणसाला परत कोणाला विचारावं लागत नाही."

तो गेला. नाथाने कप विसळले. शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. गुणाजीनेही विचारलं होतं, आणि परत दुसऱ्या कोणाला विचारणार नव्हता. तिकडे डोंबिवलीला त्याचे दोन मासे तळाशी बसले होते आणि गुणाजी पाणी बसायची वाट बघत होता. जेवणही न करता नाथाने मोरीतला अर्नाळ्याच्या पाण्याचा एक कॅन उचलला आणि स्टेशन गाठलं. रविवारची दुपार, गाडीत बसायला जागा मिळाली. कॅन पायाशी ठेवून तो वाटभर वाक्यं जुळवत होता, आणि एकही धड जुळत नव्हतं.

दार गुणाजीच्या बायकोने, हौसाबाईने उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सकाळी आणखी एक गेला होता. टाकी हॉलमध्ये, देवाच्या फोटोखाली, स्टीलच्या टेबलावर. टेबलावर कापड घातलेलं, टाकीवर रंगीत दिव्यांची माळ. आत एकटा निळा मासा कोपऱ्यात टेकून होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. गुणाजी समोर स्टुलावर बसलेला. नाथाला बघून तो उठला आणि म्हणाला, बरं झालं आलात, अजून किती दिवस लागतील बसायला?

नाथाने कॅन खाली ठेवला. बादली मागितली. टाकीतलं थोडं पाणी बादलीत घेतलं, माशाला हाताच्या ओंजळीनेच त्यात उतरवलं, आणि कॅनमधलं वाटीभर पाणी कडेने हळूच ओतलं. एकदम बदल केला तर आहे तोही जाईल, म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकेक वाटी. दुसरी वाटी ओतल्यावर तो बोलला.

"गुणा, ते पाणी बसणार नाही. कधीच नाही. तुझ्या मिठात मासा जगत नाही."

गुणाजी हौसाबाईकडे वळून म्हणाला, ऐकलंस? आमच्या मिठाला नाव ठेवायला हे कॅन घेऊन आलेत. हौसाबाई म्हणाली, आधी त्यांना बसू तरी द्या. पण गुणाजीची गाडी सुटली होती. सगळ्या ठाणे जिल्ह्यात आपलं मीठ पांढरं, पावसाळ्यातसुद्धा पाणी न सुटणारं, व्यापारी रास न बघता घेऊन जायचे. आणि ते खाऊन जी मोठी झाली तिच्याच घरातल्या माणसाने असं बोलावं. नाथाने त्याला बोलू दिलं. मधेच एक वाटी ओतली.

"पाणी का सुटत नाही तुमच्या मिठाला?" त्याने मग विचारलं.

"का म्हणजे? आम्ही वरचं कडू पाणी पुरं काढतो म्हणून. बाकीचे आळशी, थोडं तसंच ठेवतात. मग मीठ ओलं राहतं, कडवटतं. माझा बाप एक थेंब राहू द्यायचा नाही."

"ते कडू पाणी येतं कुठून?"

"दर्यातूनच की."

बोलून गुणाजी थांबला. गुणाजीने वाफे आयुष्यभर पाहिले होते, त्याला वेगळं समजवायची गरज नव्हती. तो बादलीकडे बघत होता.

"तुमचं मीठ चांगलं आहे ना, म्हणूनच हे झालं," नाथा म्हणाला. "समुद्रातलं खाण्यापुरतं ठेवून बाकी सगळं तुम्ही सोडून दिलंत. आळशी माणसाचं मीठ असतं तर कदाचित दोन दिवस जास्त जगले असते. हे माझं डोकं नाही. मी पण हेच करायला निघालेलो, तेव्हा तुझ्या ताईनेच मला अडवलं."

गुणाजीने मान वर केली. "म्हणजे काल तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग काल का नाही बोललात? रस्त्यावरच्या माणसाला सांगता. मला नाही?"

"काल सांगितलं असतं तर तू परत आला नसतास," नाथा म्हणाला. "आधीच दोन वर्षांनी आलास."

गुणाजीने चपला घातल्या आणि दार उघडं टाकून निघून गेला.

नाथा बादलीजवळ बसून राहिला. एवढं केलं ते केलंच, आता मासा तरी अर्धवट सोडायचा नाही, म्हणून वाटी भरून ओतली. हौसाबाईने पाण्याचा तांब्या आणून दिला. तांब्या तांब्याचा होता, म्हणून त्याने तो बादलीपासून लांब सरकवला. ती जवळच टेकली आणि हळूहळू सांगायला लागली. हे रुसलेले नव्हते हो दादा. वन्सं गेल्यावर दोनदा मिठाचं पोतं घेऊन ठाण्याला उतरलेले. पुलावरून कोपरीच्या बाजूला उतरायचं तेवढं राहिलेलं, आणि तिथूनच परत आले. म्हणाले, दार ताई उघडणार नाही, दुसरं कोणी उघडेल, ते मला बघवायचं नाही. मग ही टाकी काढली. वन्सं तुमच्याकडच्या टाकीसमोर बसायच्या ना, तसं इथे बसतात. तुमच्याकडे यायचं धैर्य मासा मेला म्हणून आलं, नाहीतर अजून आले नसते.

बाराव्याला आपलं काय चुकलं ते नाथा दोन वर्षं शोधत होता. त्याने डोळे पुसले. हाताला खारं पाणी लागलेलं असल्याने ते जास्तच चुरचुरले.

गुणाजी परत आला तेव्हा त्याच्या हातात रबरी पाइपाचं वेटोळं होतं. खालच्या सायकलवाल्याकडून उसना आणलेला. कोणाकडे न बघता त्याने एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं आणि पाणी आलं तसं टोक नाथाच्या हातात दिलं.

"धरा. मोरीत सोडा."

दोघांनी मिळून टाकी रिकामी केली. पाणी गेल्यावर गुणाजी ओठ पुसत म्हणाला, चव मात्र दर्याचीच आहे, काही म्हणा. नाथा म्हणाला, माणसाला तसंच वाटणार, माणसाला त्यात राहायचं नाही. गुणाजी हसला नाही, पण रागही दिसला नाही. रेती धुवायची का, त्याने विचारलं. धुवायची, गोड्या पाण्याने, साबण नाही. आता भांग कधी? अष्टमीला. मग अष्टमीला अर्नाळ्याला मी स्वतः जाणार, दामाजीदादांच्या होडीवर. नाथा म्हणाला, तुला होडी लागते, विसरलास का? हौसाबाई आतून म्हणाली, यांना गणपती विसर्जनाच्या होडीत उलटी झालेली. गुणाजी म्हणाला, ती होडी नव्हती, तराफा होता.

संध्याकाळ झाली. बादलीत आता बहुतेक पाणी अर्नाळ्याचं होतं. मासा तळावरून उठला होता आणि बादलीच्या कडेने एक फेरी मारून आला होता. तिघेही वाकून बघत होते. नाथाला अजून खात्री नव्हती आणि त्याने तसं सांगितलंही, की आजची रात्र गेली तर जगेल, पण मी शब्द देत नाही.

"टाकी अष्टमीला भरली की याला आत सोडू," गुणाजी म्हणाला.

"नाही. महिनाभर रिकामी ठेवायची."

"महिनाभर? मग मी बघू काय?"

"पाणी बघ."

"आणि हा?"

"हा माझ्याकडे राहील, माझ्या टाकीत. पाणी तयार आहे तिथे." नाथाने कॅनमध्ये तळाशी राहिलेलं पाणी हलवून पाहिलं, माशाला न्यायला ते पुरेसं होतं. "तुला वाटेल तेव्हा येऊन बघ."

गुणाजीने थोडा विचार केला. "डोंबिवलीहून ठाणं काय लांब आहे. रोज कामावरून सुटलो की येईन. याचं खाणं मी घालीन."

"रोज ये," नाथा म्हणाला. "पण खायला मी घालणार. तू जास्त घालशील."